रिकामा ट्रक उशिरा थांबतो: अमेरिकेतल्या सीडीएलच्या लेखी परीक्षेची तयारी

प्रश्न असा होता: एक ट्रक मालाने भरलेला, दुसरा रिकामा, वेग दोघांचा सारखा. थांबायला जास्त अंतर कोणाला लागेल? मी फारसा विचार न करता भरलेल्यावर बोट टेकवलं. स्क्रीन लाल झाली.

घरी येऊन पुस्तक उघडलं तर कारण तिथेच, दोन ओळींत. ट्रकचे ब्रेक, टायर, स्प्रिंगा, शॉक ॲब्झॉर्बर हे सगळं गाडी पूर्ण भरलेली आहे असं धरून बनवलेलं असतं. माल उतरला की चाकांवरचा भार जातो, भार गेला की रस्त्यावरची पकड जाते. मग ब्रेक दाबला की चाकं उसळतात, जाम होतात आणि गाडी घसरत पुढे जाते. एवढं कळल्यावर ते उत्तर पाठ करायची गरज उरत नाही.

अमेरिकेत व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्याला सीडीएल म्हणतात. त्याच्या लेखी परीक्षेत या जातीचे प्रश्न भरपूर असतात. कार चालवणाऱ्याला जे उत्तर आपोआप सुचतं, ते ट्रकच्या बाबतीत कित्येकदा चुकतं. मी कार पंधरा वर्षं चालवली होती आणि परीक्षेत तीच आडवी आली. त्या दिवशी सर्वसाधारण ज्ञानाचा पेपर कसाबसा निघाला, एअर ब्रेकचा, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा, गेला. २५ पैकी १९. पास व्हायला २० लागतात.

किती पेपर, कोणते

आधी ही परीक्षा आली कुठून ते दोन वाक्यांत. १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कारचा परवाना असलेला माणूस अठरा चाकी ट्रेलरही रस्त्यावर काढू शकत होता आणि एका राज्याने परवाना काढून घेतला तर दुसऱ्या राज्याचा खिशात तयार असायचा. १९८६ साली संघीय कायदा झाला, त्याने किमान पातळी ठरवून दिली आणि १ एप्रिल १९९२ पासून मोठ्या गाड्यांसाठी सीडीएल सक्तीचा झाला. म्हणूनच ‘एका चालकाकडे किती परवाने असू शकतात’ हा वरकरणी बावळट वाटणारा प्रश्न अजूनही येतो. उत्तर एकच.

नियमांची किमान पातळी संघीय सरकारची, परीक्षा मात्र राज्याची. त्यामुळे फी, अर्जाची पद्धत, नापास झाल्यावर किती दिवसांनी पुन्हा बसता येतं, हे सगळं राज्यागणिक वेगळं. त्यासाठी आपल्या राज्याच्या परवाना कार्यालयाचीच माहिती बघायची. शेजारच्या राज्यातल्या मित्राचा अनुभव इथे फारसा कामाचा नाही.

परवान्याचे वर्ग तीन. गाडी आणि ट्रेलर मिळून ठरवलेली वजनक्षमता २६,००१ पौंड किंवा जास्त, आणि त्यात मागे ओढल्या जाणाऱ्या भागाची १०,००० पौंडांपेक्षा जास्त, तर क्लास ए. एकसंध गाडीच २६,००१ पौंडांची किंवा वरची असेल, तर क्लास बी. त्याखालची गाडी, पण चालकासह १६ किंवा अधिक माणसांसाठी बनवलेली, किंवा फलक लावावा लागेल इतका धोकादायक माल वाहणारी, तर क्लास सी. २६,००१ पौंड म्हणजे सुमारे ११,८०० किलो. हा आकडा मुख्यतः कारखान्याने ठरवलेल्या क्षमतेचा आहे. आज ट्रेलर रिकामा आहे म्हणून गाडीचा वर्ग खाली येत नाही.

पुढचं सगळं क्लास ए धरून लिहितोय, कारण बहुतेकांना तोच हवा असतो. त्यासाठी तीन पेपर: सर्वसाधारण ज्ञान, एअर ब्रेक आणि जोडगाड्या, म्हणजे ट्रॅक्टर (शेतातला नव्हे, इंजिन आणि चालकाची केबिन असलेला पुढचा भाग) आणि ट्रेलर. बहुतेक राज्यांत प्रश्न अनुक्रमे ५०, २५ आणि २०. प्रत्येक पेपरात वेगवेगळे ८० टक्के लागतात, म्हणजे ४०, २० आणि १६ बरोबर. एका पेपरातले जास्तीचे गुण दुसऱ्याला उसने मिळत नाहीत.

एअर ब्रेकचा पेपर गेला तर बाकीचं थांबत नाही, पण परवान्यावर ‘एल’ हे अक्षर येतं. त्याचा अर्थ, एअर ब्रेक असलेली व्यावसायिक गाडी चालवायची नाही. आणि मोठ्या ट्रॅक्टर-ट्रेलरला एअर ब्रेक असतातच. तेव्हा तो पेपर ऐच्छिक आहे असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

पुस्तक एकच

प्रत्येक राज्य स्वतःचं सीडीएल मॅन्युअल काढतं. ते परवाना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. साचा सगळीकडे जवळजवळ एकच: दुसरं प्रकरण सुरक्षित चालवण्याचं, तिसरं मालवाहतुकीचं, पाचवं एअर ब्रेकचं, सहावं जोडगाड्यांचं. प्रश्न या पुस्तकातून येतात, त्याबाहेरून नाही. क्लास एच्या तीन पेपरांसाठी पहिलं, दुसरं, तिसरं, पाचवं आणि सहावं एवढी प्रकरणं वाचायची. चौथं प्रवाशांचं, दहावं स्कूल बसचं. ती लागत नसतील तर उघडूही नका. अकरा ते तेरा ही प्रत्यक्ष चाचणीची प्रकरणं, त्यांची गरज पुढे पडेल.

आता माझी चूक. मी पुस्तक न वाचता फोनवरच्या एका ॲपमधले प्रश्न घोकले. शेकडो. घोकंपट्टी आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ॲपमधला एक प्रश्न होता: हवेचा दाब कितीच्या खाली जायच्या आत धोक्याचा इशारा लागलाच पाहिजे? ॲप म्हणायचं ६० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ६० पौंड. परीक्षेत पर्याय आला ५५. जुन्या मॅन्युअलांमध्ये ६० होता, नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ५५ झाला, आणि ॲप जुन्यावरच बसलं होतं. मी एका गुणाने गेलो आणि तो गुण बहुधा हाच. सराव प्रश्न सोडवावेत, जरूर सोडवावेत, पण पुस्तक दोनदा वाचून झाल्यावर, शेवटच्या आठवड्यात. आणि वाचायची ती आपल्याच राज्याची चालू आवृत्ती.

४१९ फूट कुठून आले

दुसऱ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे थांबण्याचं अंतर. पुस्तक सांगतं की ताशी ५५ मैल वेगाने जाणारी गाडी कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला ४१९ फूट घेते. हा आकडा तसाच पाठ केला तर चार दिवसांत विसरतो. त्याचे तुकडे करून बघा.

ताशी ५५ मैल म्हणजे सेकंदाला साधारण ८१ फूट. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून मेंदूला उमगायला पावणेदोन सेकंद, तेवढ्यात गाडी १४२ फूट गेलेली असते. मग पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर जायला पाऊण सेकंद, आणखी ६१ फूट. आत्तापर्यंत ब्रेक लागलेलाच नाही आणि २०३ फूट संपले. त्यानंतर प्रत्यक्ष ब्रेक लागून थांबायला २१६ फूट. बेरीज ४१९.

एअर ब्रेक असतील तर यात आणखी एक तुकडा. कारमध्ये पॅडल दाबताच तेलाचा दाब लगेच चाकापर्यंत पोचतो. ट्रकमध्ये हवेला नळ्यांतून प्रवास करायचा असतो, त्यात अर्धा सेकंद किंवा जास्त जातो. याला ब्रेक लॅग म्हणतात आणि ५५ मैलांच्या वेगाला त्याचे ३२ फूट धरतात. म्हणून एअर ब्रेकच्या गाडीला एकूण ४५० फुटांहून जास्त. (हिशोबी वाचकाच्या लक्षात येईल की अर्ध्या सेकंदात ४० फूट जायला हवेत. बरोबर आहे तुमचं. पण पुस्तकात ३२ आहे आणि परीक्षकाशी वाद घालायला तिथे समोर कोणी बसलेलं नसतं.)

याच्याच पोटातला दुसरा प्रश्न: वेग दुप्पट झाला तर ब्रेकिंगचं अंतर किती पट? चौपट. कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पहिले दोन तुकडे मात्र दुपटीनेच वाढतात. प्रश्नात ‘ब्रेकिंगचं अंतर’ आहे की ‘एकूण अंतर’, हे नीट वाचा.

पुढच्या गाडीपासून किती मागे राहायचं तेही इथेच. ताशी ४० मैलांच्या खाली, गाडीच्या लांबीच्या दर १० फुटांमागे एक सेकंद. ४० च्या वर गेलात की त्यात एक सेकंद मिळवायचा. ६० फुटी गाडी महामार्गावर असेल तर सात सेकंद. परीक्षेत ही बेरीज हमखास येते आणि तो शेवटचा एक सेकंद विसरणारेही हमखास असतात.

ओल्या रस्त्यावर वेग सुमारे एक तृतीयांशाने कमी करायचा, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर निम्म्याने किंवा त्याहून जास्त. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू देऊ नका.

हवा ब्रेक लावते आणि सोडतेही

एअर ब्रेकचं प्रकरण मला तीनदा वाचूनही कळलं नव्हतं. नापास झाल्यावर ओळखीच्या एका चालकाने मला त्याच्या ट्रॅक्टरमध्ये बसवलं, बहुतेक वेळ इंजिन बंदच ठेवलं आणि अर्ध्या तासात सगळं दाखवलं. ते जसं दाखवलं तसंच सांगतो.

इंजिनच्या जोरावर एक कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. टाकीत किती हवा भरायची हे गव्हर्नर ठरवतो. दाब साधारण १२५ पीएसआयला पोचला की तो कॉम्प्रेसरचं भरणं थांबवतो, याला कट-आउट. १०० च्या आसपास उतरला की पुन्हा सुरू करतो, हे कट-इन. गव्हर्नर बिघडलाच तर टाकी फुटू नये म्हणून एक सुरक्षा झडप असते, ती बहुतेक १५० ला उघडते. ती झडप हवा सोडताना दिसली तर याचा अर्थ काहीतरी बिघडलंय आणि मेकॅनिकला दाखवायला हवं. यावर प्रश्न असतो.

हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं, कॉम्प्रेसरचं थोडं तेलही तिच्यात येतं. दोन्ही टाकीच्या तळाशी साचतात. थंडीत ते पाणी गोठलं तर ब्रेकच निकामी. म्हणून टाक्यांचा निचरा करायचा असतो.

पॅडल दाबलं की टाकीतली हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते, एक दांडा बाहेर ढकलते, तो पुशरॉड. पुशरॉड स्लॅक ॲडजस्टरला (ब्रेकचा ढिलेपणा नीट करता येणाऱ्या तरफेला) फिरवतो, तो इंग्रजी एस अक्षराच्या आकाराच्या कॅमला फिरवतो आणि कॅम ब्रेकचे बूट ड्रमवर दाबतो. पाय उचलला की हवा फुस्स करून बाहेर. हा झाला रोजचा, सर्व्हिस ब्रेक. इथे हवा ब्रेक लावते.

पार्किंग ब्रेक याच्या अगदी उलट. तिथे ब्रेक लावण्याचं काम एक दणकट स्प्रिंग करते आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून मागे धरते. हवा सोडली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. म्हणजे हवा सगळी गळून गेली तरी गाडी उतारावर पळणार नाही, उलट जागेवर जखडेल. ही एक गोष्ट डोक्यात बसली की एअर ब्रेकच्या पेपरातला मोठा भाग आपोआप सुटतो. स्प्रिंग ब्रेक कधी लागतात? हवा गेली की. हवा अर्धवट गेली तर? २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान ते पूर्ण लागतात. मग धोक्याचा इशारा त्याच्या बराच आधी, ५५ वर का ठेवलाय? कारण चालत्या गाडीत स्प्रिंग अचानक लागली तर गाडी कुठेही भरकटेल. इशारा वाजला की ब्रेक आपल्या ताब्यात आहेत तोवर गाडी बाजूला घेऊन थांबवायची.

आणखी एक प्रश्न: स्प्रिंग ब्रेक लागलेले असताना पॅडल दाबावं का? नाही. स्प्रिंगचा जोर आणि हवेचा जोर एकाच वेळी त्याच सांध्यांवर पडतो, भाग तुटू शकतात.

आता डॅशबोर्डवर दोन गुंड्या. पिवळी, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, ती पार्किंग ब्रेकची. लाल, आठ कोनांची, ती ट्रेलरला हवा पुरवण्याची. ओळखीच्या चालकाने चाकांना ठोकळे लावले होते. पूर्ण दाब भरून घेऊन इंजिन बंद केलं होतं, आता किल्ली फिरवून ठेवली आणि दोन्ही गुंड्या आत ढकलल्या. ‘आता काट्याकडे बघ, एक मिनिट,’ म्हणाला. काटा जेमतेम हलला. ब्रेक न दाबता एका मिनिटात एकट्या गाडीची गळती २ पीएसआयपेक्षा कमी हवी, ट्रेलरसह ३ पेक्षा कमी. मग पॅडल दाबून धरायला लावलं. आता मर्यादा एकेकाने वाढते: एकट्या गाडीला ३, ट्रेलरसह ४. का वाढते? पॅडल दाबल्यावर हवा नळ्यांच्या आणि चेंबरच्या आणखी सांध्यांपर्यंत पोचते, गळायला जागा जास्त. २, ३, ३, ४ असं पाठ करणारे खूप आहेत, माझी तक्रार नाही. पण कारण माहीत असलं की कुठला आकडा कुठे बसतो हे विसरत नाही.

त्यानंतर पॅडल पटापट दाबून सोडायला सांगितलं. दर वेळी काटा थोडा उतरत होता. अचानक कर्कश बझर वाजला आणि तांबडा दिवा लागला. काटा साठाच्या खाली, पंचावन्नाच्या थोडा वर. मी थांबलो. ‘दाबत राहा.’ आणखी काही वेळा दाबलं आणि फटकन लाल गुंडी आपणहून बाहेर उडाली, पाठोपाठ पिवळी. काटा तिशीत. पुस्तकातलं ‘२० ते ४५’ मला तेव्हा हातापायांनी कळलं. लाल गुंडी उडाली म्हणजे ट्रॅक्टर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह बंद झाला. ट्रेलर तुटून वेगळा झाला किंवा त्याची नळी फाटली तर ट्रॅक्टरमधली सगळी हवा त्या वाटेने निघून जाऊ नये, हे त्याचं काम.

शेवटी इंजिन लावलं. दुहेरी हवाप्रणालीत (म्हणजे ब्रेकसाठी हवेच्या दोन स्वतंत्र व्यवस्था असलेल्या गाडीत) दाब ८५ वरून १०० वर ४५ सेकंदांच्या आत चढला पाहिजे. आम्ही घड्याळ लावून मोजलं.

घाटाचा उतार हाही या प्रकरणाचा आवडता विषय. ब्रेक सतत दाबून धरले की ड्रम तापतात, पसरतात, बुटांची पकड कमी होते. याला ब्रेक फेड म्हणतात. पुस्तकाचं उत्तर: उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये या, इंजिनच्या रोधावर उतरा, ब्रेक फक्त मदतीला. सुरक्षित वेग ४० ठरवला असेल तर ४० ला पोचल्यावर वेग ५ मैलांनी कमी होईल इतपत जोराने ब्रेक लावायचा, साधारण तीन सेकंद, मग पूर्ण सोडायचा. पुन्हा ४० झाला की पुन्हा तेच. जुने चालक हलका ब्रेक धरून ठेवायची पद्धत सांगतील. परीक्षेत ती लिहू नका.

मागचा ट्रेलर

जोडगाड्यांचं प्रकरण लहान आहे आणि चित्रं काढत वाचलं तर सोपं. ट्रॅक्टरवरच्या ज्या गोल तव्यासारख्या तबकडीवर ट्रेलर टेकतो तिला फिफ्थ व्हील म्हणतात. नाव चाकाचं, पण चाक नव्हे. ट्रेलरखालची खुंटी ती किंगपिन. जोडल्यावर तबकडी आणि ट्रेलरचा तळ यांत फट दिसता कामा नये आणि जबडा किंगपिनच्या मानेभोवती बंद झालेला डोळ्यांनी बघायचा. हवेच्या दोन नळ्या: निळी सर्व्हिसची, लाल आणीबाणीची. जोडताना ट्रेलरची उंची अशी हवी की ट्रॅक्टर त्याच्याखाली सरकताना ट्रेलर किंचित उचलला जाईल.

वळताना मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणून उजवीकडे वळताना जागा लागते. कारवाला माणूस काय करेल? आधी थोडा डावीकडे जाऊन मग उजवीकडे वळेल. पुस्तक म्हणतं, तसं करू नका. मागच्याला वाटतं तुम्ही डावीकडे निघालात आणि तो उजव्या फटीत घुसतो. गाडीची शेपटी कडेला धरून, वळण पूर्ण करताना रुंदी घ्यायची.

भरलेली जोडगाडी अपघातात उलटण्याची शक्यता रिकामीच्या दहापट. इथे भरलेली वाईट, थांबण्यात रिकामी वाईट. दोन्ही प्रश्न एकाच पेपरात येऊ शकतात, आणि त्यांची उत्तरं एकमेकांविरुद्ध नाहीत. उलटणं ही उंचीवर ठेवलेल्या वजनाची गोष्ट, थांबणं ही पकडीची.

जे आकडे नुसतेच आकडे आहेत

काही गोष्टींना कारण शोधत बसण्यात अर्थ नाही, लिहून भिंतीवर चिकटवा. पुढच्या टायरची नक्षी किमान ४/३२ इंच, बाकीच्यांची २/३२. गाडी रस्त्यात थांबवावी लागली तर परावर्तक त्रिकोण १० मिनिटांच्या आत. एकेरी किंवा दुभाजकाच्या रस्त्यावर येणाऱ्या वाहतुकीकडे १०, १०० आणि २०० फुटांवर. दुहेरी रस्त्यावर एक गाडीजवळ १० फुटांच्या आत, एक १०० फूट मागे, एक १०० फूट पुढे. माल निघाल्यापासून पहिल्या ५० मैलांत तपासायचा, नंतर दर १५० मैलांनी किंवा तीन तासांनी, जे आधी येईल ते. बांधायला दर १० फुटांना एक पट्टा, पण माल कितीही छोटा असला तरी कमीत कमी दोन. रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०४ टक्के, कारवाल्याच्या बहुतेक राज्यांतल्या मर्यादेच्या निम्मी.

इंग्रजीचा सापळा

व्यावसायिक चालकाला रस्त्यावरच्या पाट्या वाचता येतील आणि अधिकाऱ्यांशी बोलता येईल इतकं इंग्रजी यायला हवं असा संघीय नियम आहे. तेव्हा परीक्षाही इंग्रजीतच द्यायची हे धरून चाला. आपल्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येतं, पण अडचण वेगळी असते. ओळखीचा शब्द इथे अनोळखी अर्थाने येतो. ‘ग्रेड’ म्हणजे उतार-चढ. ‘प्ले’ म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही चाक हलत नाही तो ढिलेपणा. ‘फेड’चा रंगाशी संबंध नाही. ‘बॉबटेल’ म्हणजे ट्रेलर न जोडलेला ट्रॅक्टर. अशा शब्दांची एक वही करा, समोर मराठीत अर्थ लिहा. माझ्या वहीत सत्तरेक शब्द झाले होते.

दुसरं, प्रश्नातला ‘नॉट’, ‘एक्सेप्ट’ आणि ‘नेव्हर’. तीन विधानं बरोबर देतात आणि चुकीचं ओळखायला सांगतात. घाईत पहिलं बरोबर दिसलं की बोट तिकडेच जातं. मी दुसऱ्या खेपेला प्रत्येक प्रश्न ओठ हलवत वाचला. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा बघत होता, बघू दे.

जास्तीची अक्षरं

टँकरसाठी एन, धोकादायक मालासाठी एच, दुहेरी-तिहेरी ट्रेलरसाठी टी, असे वेगळे पेपर असतात. नव्या माणसाने आधी मूळ तीन काढावेत असं माझं मत. त्यातल्या त्यात एन लवकर होतो, कारण तो एकाच कल्पनेवर उभा आहे: द्रव हलतो. अर्धवट भरलेल्या टाकीत ब्रेक मारला की लाट पुढे जाऊन आदळते आणि थांबलेला ट्रक चौकात ढकलू शकते. भोकं असलेल्या आडव्या भिंती लाटेला मागेपुढे अडवतात, बाजूला मात्र नाही. दुधासारख्या खाद्यपदार्थांच्या टाक्यांत त्या भिंतीही नसतात, कारण त्यांच्यामुळे टाकी आतून नीट धुता येत नाही. एचसाठी संघीय सुरक्षा यंत्रणेकडून बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून एचचा लेखी पेपर देण्याआधी नोंदणीकृत संस्थेतून त्याचं सैद्धांतिक प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. क्लास एची प्रत्यक्ष चाचणी देण्याआधीही त्याच नियमाने प्रशिक्षण लागतं, त्याच्या लेखी पेपरांना मात्र लागत नाही.

पेपर सुटल्यावर

तिन्ही पेपर निघाले की हातात परवाना येत नाही, शिकाऊ परवाना येतो, सीएलपी. तो मिळाल्यापासून १४ दिवस प्रत्यक्ष चाचणी देता येत नाही. शेजारच्या सीटवर त्याच वर्गाचा सीडीएल असलेला माणूस बसलेला हवा. धोकादायक माल न्यायचा नाही. वय १८ असेल तर राज्याच्या आतच, राज्याबाहेर जायला २१ पूर्ण.

माझी दुसरी खेप २५ पैकी २४ ची. पुढच्या सोमवारी सकाळी प्रशिक्षकाने गाडी दाखवली, पण किल्ली दिली नाही. चाकांना ठोकळे लावले, पार्किंग ब्रेक सोडला आणि हातमोजे माझ्याकडे फेकून म्हणाला, खाली जा. मी मागच्या चाकामागे आडवा झालो. पुशरॉड शोधला, स्लॅक ॲडजस्टर दोन्ही हातांनी धरून ओढला. अंगठ्याच्या पेराएवढा हलला.

‘किती?’ वरून आवाज आला.

‘एक इंचाच्या आत.’

‘बरं. आता उरलेले नऊ बघ.’